ग्वाल्हेरात नवीन घर बांधतोय, थंडीसाठी नक्की काय बसवावं?

लष्करचा_बाळ्या | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून लिहितोय.

आमचं जुनं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या गल्लीत. पणजोबांच्या वेळचं. वाटण्या झाल्या, विकलं (त्यावर वेगळा धागा होईल, पण काढणार नाही). आता झाशी रोडकडे ३० बाय ६० चा प्लॉट घेऊन बांधतोय. खाली हॉल, स्वयंपाकघर, आईबाबांची खोली. वर आमच्या दोन खोल्या. दोन्ही स्लॅब पडलेत, आतलं प्लास्टर चालू आहे, फरशी डिसेंबर अखेरीस. म्हणजे भिंतीत किंवा फरशीखाली जे काय घालायचं ते ह्या पाच-सहा आठवड्यांतच.

बाबा ७९, आई ७४. बाबांना दमा, आईचे गुडघे. गेल्या जानेवारीत ते कोहऱ्याचे (दाट धुक्याचे) आठ दिवस होते ना, ऊनच नाही, तेव्हा बाबा कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, वरून शाल, एवढं सगळं घालून रजईत, आणि तरी दर तासाला "बाळ्या, पाय गार पडलेत रे". तेव्हाच ठरवलं की नव्या घरात हे नको.

आता जो येतो तो वेगळंच सांगतो. एक जण सगळ्या घराच्या फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आणि बाहेर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाणी तापवणारं यंत्र) असं साडेसहा लाखांचं कोटेशन देऊन गेला. बाबा म्हणाले एवढ्या पैशात दर हिवाळ्यात दोन महिने मुंबईला राहू. ठेकेदार म्हणतो हॉट अँड कोल्ड एसी लावून मोकळे व्हा. मेव्हणा म्हणतो तेलाचे हीटर घे, चाकं असतात, ह्या खोलीतून त्या खोलीत ढकलायचे. बायको म्हणते आधी सकाळी ओट्यापाशी कोण उभं असतं ते बघा. आणि बाबांचं स्वतःचं मत असं की एक चांगली सिगडी असली की काही लागत नाही.

कोणी नवीन घरात काही करून घेतलंय का? अनुभव सांगा.

सदाशिवकाठी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

आमच्या पुण्यात थंडी पडली की आम्ही स्वेटर घालतो आणि त्यावर चार दिवस बोलतो. घरात काही बसवावं लागतं हे आजच कळलं.

गजक_प्रेमी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:५८

सदाशिवकाठी, या एकदा जानेवारीत. पहाटे तीन-चार डिग्री आणि दुपारी बारापर्यंत समोरचा खांब दिसत नाही. पुण्यातला स्वेटर इथे बनियनखाली घालतात.

बाळ्या, घाई नसेल तर मेल्यापर्यंत थांब. हीटर, एसी सगळं मेल्यात घे, स्कीम असतात.

सदाशिवकाठी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०३

मेल्यात घ्या?? अहो त्यांना जिवंतपणी ऊब पाहिजे म्हणून तर विचारतायत.

गजक_प्रेमी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०९

😂 मेला म्हणजे आमचा ग्वाल्हेरचा व्यापार मेला. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केला. तुम्ही जत्रा म्हणता, आम्ही चार पिढ्या मराठीत "मेल्याला चाललो" म्हणतो आणि मुंबईची सून आली की पहिल्या वर्षी दचकते.

व्होल्टमीटर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

विद्युत विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं हिशेबाचं लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

तार तापवून ऊब देणारा कुठलाही हीटर घ्या, लाल रॉडचा पाचशेवाला, पंख्याचा, किंवा अकरा पात्यांचा तेलाचा बारा हजारवाला, एक युनिट खाल्लं की एक युनिटचीच उष्णता देतो. तेलवाल्यातून जास्त निघत नाही. ती ऊब सौम्य असते, उजेड आणि आवाज नसतो, बंद केल्यावर थोडा वेळ टिकते, बास. दुकानदार "बचत" म्हणतो ते सोडून द्या. हॉट अँड कोल्ड एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची ऊब मिळते. बाहेर पाच डिग्री असली तरी. फार गारठा आणि धुकं असेल तर थोडी कमी.

आता तुमची खोली. समजा १२ बाय १४, दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची वीट, साध्या काचेच्या दोन खिडक्या. बाहेर ६ आणि आत २० ठेवायचं तर तळमजल्याच्या खोलीला सव्वा किलोवॅटच्या आसपास लागतील. तीच खोली वर असेल आणि डोक्यावर उघडा स्लॅब असेल तर पावणेदोन ते दोन. म्हणजे वरच्या मजल्यावर तुम्ही जवळपास एक तृतीयांश ऊब आभाळाला देताय. रोज १० तास, युनिट सगळं मिळून आठ रुपये धरा. खालच्या खोलीला तेलाचा हीटर दिवसाला शंभर रुपये, एसी तेहतीस-पस्तीस. सत्तर दिवसांचा हिवाळा धरला तर सात हजार आणि सव्वादोन-अडीच हजार.

आणि वायरिंग आत्ताच बघा. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. प्रत्येक खोलीत १६ अँपिअरचा एक सॉकेट, स्वतंत्र लाइन, अडीच चौरस मिमीची वायर, एसीला चारची. अर्थिंग खरं घाला, नुसता तिसरा भोक असलेला बोर्ड नको. एक्स्टेंशनवर हीटर लावलेली घरं मी वितळलेल्या प्लगसकट बघितली आहेत.

स्वयंपाकघरातून | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

व्होल्टमीटरकाका, हिशेब छान पण १० तास चालवतं कोण? आम्ही मुरारला राहतो, घरात सासूबाई ८१ च्या. रात्री रजईत शिरलं की हीटर बंद, कारण रजईत ऊब असतेच, उलट घसा कोरडा पडतो म्हणून त्याच ओरडतात. खरी थंडी कधी वाजते? पहाटे पाचला बाथरूमला उठल्यावर, आंघोळ करून बाहेर आल्यावर, आणि संध्याकाळी सातनंतर टीव्हीसमोर बसल्यावर. आणि सकाळी ओट्यापाशी, पण तिथे कोण विचारतंय. बाळ्याभाऊ, तुमच्या बायकोचं बरोबर आहे, गार पाण्यात भाजी धुवून दाखवा एकदा.

म्हणजे घर तापवायचं नाहीये, माणूस जिथे ज्या वेळी असतो तेवढी जागा पटकन तापायला पाहिजे. आधी तुम्ही आईबाबांचा दिवस लिहून काढा, किती वाजता कुठे बसतात. मग वस्तू घ्या.

व्होल्टमीटर | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मान्य. बिनशर्त मान्य. मग फरशीखालची गोष्ट अजूनच बाद होते, कारण ती तापायलाच दोन-तीन तास घेते.

राइनकाठी | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

मूळची ग्वाल्हेरची, जिंसी भागातली, गेली १४ वर्षं जर्मनीत. आमच्या घरात सगळीकडे फरशीखाली पाइप आहेत, ३५ डिग्रीचं पाणी फिरतं, आणि खरं सांगते, अनवाणी चालायचं सुख दुसरं नाही. पण दोन गोष्टी.

एक, ते ऑक्टोबरात सुरू केलं की एप्रिलपर्यंत बंद करत नाही. बाहेर दिवसा ३, रात्री शून्य, फरक काहीच नाही, त्यामुळे संथ फरशीचं काही बिघडत नाही. ग्वाल्हेरला दुपारी २२ आणि पहाटे ६. पहाटे फरशी तापवायला घेतली की ती तापेपर्यंत ऊन आलेलं असतं आणि मग बाबा म्हणणार पंखा लावा.

दुसरं, इथे आधी घराला जाड गोधडी घालतात, मग हीटिंग. भिंतीवर बाहेरून १५-२० सेंटीमीटर इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या. २०२४ पासून नव्या वसाहतींतल्या नव्या घरांना हीटिंग किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर असा नियम आला, त्यावरून शेजारीपाजारी सरकार पडेल इतके भांडले. पण "गोधडी आधी" ह्यावर कोणी भांडत नाही. तुमच्या कोटेशनवाल्याने फरशीखाली इन्सुलेशन धरलंय का विचारा, नसेल तर साडेसहा लाखांत तुम्ही झाशी रोडची जमीन शेकणार.

माझी आजी जिंसीच्या वाड्यात चौकात उन्हाचा तुकडा सरकेल तशी चटई सरकवत बसायची. दहाला पायरीपाशी, दोनला थेट न्हाणीच्या दाराशी. तिची हीटिंग सिस्टम ती.

नर्मदे_हर | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२२

आमच्या इंदोरला ग्वाल्हेरइतकी नाही पडत भिया. सराफ्यात उभं राहून गराडू खाल्ले की काम भागतं.

सयाजीनगरी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

आणि बडोद्याला हिवाळा उत्तरायणाच्या पतंगाबरोबर कटतो. आम्ही फक्त उंधियूवर प्रतिक्रिया देऊ शकतो. चालू द्या.

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, पहाटे ३:०५

हॉस्पिटलात ड्यूटीवर आहे, शांतता आहे तोवर लिहून घेतो.

बाबांच्या सिगडीबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितोय. बंद खोलीत कोळशाची सिगडी कधीही नाही. दार थोडं उघडं आहे, निखारे विझत आलेत, काही चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट धरतं. माणसाला गुदमरल्यासारखं होतच नाही, डोकं जड होतं, झोप येते आणि तो झोपतो. दर हिवाळ्यात आमच्याकडे येतात. मागे एक नवरा-बायको आणले होते, ती वाचली कारण तिला उलटी आली म्हणून ती दार उघडून बाहेर गेली होती. बंद बाथरूममधला गॅस गीझर, धुराडं नसलेला गॅस हीटर, सगळं त्याच माळेतलं. दमा असेल तर सिगडीचा धूर वेगळाच.

किती तापवायचं, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांमध्ये थंडीत घरात किमान १८ डिग्री सांगितलंय. म्हाताऱ्यांसाठी त्याहून थोडं जास्त बरं. २५-२६ करायची गरज नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, पहाटे रजईतून उठून थेट गार बाथरूममध्ये जाणं हे सगळ्यात वाईट. पैसे कमी असतील तर पहिला हीटर बाथरूमला. आणि मधुमेह असेल तर पायाशी गरम पाण्याची पिशवी जपून, चटका लागलेला कळत नाही.

हॅलोजन हीटर अंगाशी ठेवून झोपू देऊ नका. रजई पेटते.

फौजी_पेन्शनर | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

डॉक्टरसाहेबांशी सहमत. श्रीनगरला होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या जुन्या घरांत एक खोली हमामची. दगडी फरशी, खाली पोकळी, त्यात बाहेरच्या तोंडातून लाकडं घालतात, धूर बाहेरच्या बाहेर. एका टोकाला तांब्याचं भांडं बसवलेलं असतं त्यात पाणी तापतं. अख्खं कुटुंब त्या एका खोलीत. बाकीचं घर बर्फ असलं तरी कोणी तक्रार करत नाही. म्हणजे स्वयंपाकघरातून ताई जे म्हणतात तेच, एक खोली तापवा, सगळे तिथे बसा.

आमच्या घरात मात्र आता प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा हीटर पाहिजे.

मांडणी | १६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा आहे. बाळ्या, तुम्ही सगळं सांगितलंत, आईबाबांची खोली कुठल्या दिशेला ते सांगितलं नाहीत. रस्ता कुठे? दक्षिणेला काय आहे?

लष्करचा_बाळ्या | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांची प्रतिक्रिया बाबांना वाचून दाखवली, ते म्हणाले "आमच्या वेळी कोणी मेलं नाही", आई म्हणाली "मेलेले सांगायला येतात का". सिगडी बाद.

मांडणी, रस्ता दक्षिणेला. पुढे हॉल, त्याला दोन मोठ्या खिडक्या. आईबाबांची खोली मागे उत्तरेला, शांत पडते म्हणून. शिवाय आईचं म्हणणं उत्तर चांगली.

मांडणी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

वाटलंच मला.

बघा, ग्वाल्हेर २६ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे फक्त ४० अंश वर असतो, जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, ८७. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तर जूनमध्ये ऊन काचेला शिवतही नाही, आणि डिसेंबरात अर्ध्याहून जास्त खिडकीतून थेट पलंगावर येतं. फुकट. दिवसभर फरशी आणि भिंत तापते, रात्री दहापर्यंत ते पुरतं. उत्तरेच्या खोलीला अख्खा हिवाळा उन्हाचा एक कवडसा मिळत नाही. तुम्ही घरातली सगळ्यात उबदार जागा सोफ्याला दिलीत आणि सगळ्यात गार खोली दम्याच्या माणसाला.

भिंती झाल्यात, पण खोली कशाला म्हणायची ते अजून तुमच्या हातात आहे. हॉल मागे न्या. तळमजल्यावर बाथरूम कुठे आहे तेवढं तपासा.

वर स्लॅबवर वॉटरप्रूफिंगच्या वेळी दोन इंची एक्सपीएसची (दाट फोमची, उष्णता अडवणारी) शीट घालून वर कोबा आणि चायना मोझेक करा. हे काम मेच्या ४६ डिग्रीला जास्त उपयोगी पडेल, थंडीचा फायदा वरकड समजा. खिडक्या सरकत्या घेऊ नका, त्यांच्या ब्रशमधून वारा येतो. कब्जावर उघडणारी, रबराची गॅस्केटवाली घ्या. निदान आईबाबांच्या खोलीला दोन काचांची.

ओटीवरचा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३५

आमच्यात दक्षिणेला डोकं करून झोपतात, दक्षिणेच्या खोलीत झोपू नये असं कुठे लिहिलंय? ताई सांगतायत ते पटलं. पण वास्तुवाले येतील बघा आता धावून.

दिशादर्शक | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आलो. नैऋत्येची खोली घरातल्या वडीलधाऱ्यांची असंच शास्त्र आहे. त्यामुळे ह्या वेळी मांडणी आणि मी एकाच बाजूला. तारीख लिहून ठेवा.

मांडणी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

लिहिली. 🙏

हिरवी_पणती | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:००

सौर बंबाचं पाणी फरशीतून फिरवलं तर? वीज शून्य.

व्होल्टमीटर | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:४८

चांगला प्रश्न आहे म्हणून गणित करून टाकतो. २०० लिटरची टाकी, ६० वरून ३५ पर्यंत उतरवली तर जवळपास ६ युनिट ऊब. एका खोलीच्या रात्रीला वर १२ धरले होते. म्हणजे आंघोळीला पाणी न ठेवता अर्धी रात्र. आणि ज्या आठ दिवसांसाठी हा सगळा आटापिटा, त्या कोहऱ्याच्या दिवसांत टाकी गारच. आंघोळीसाठी सौर बंब जरूर घ्या, पाणी जड आहे तेव्हा नळ्यांत खार साचतो तो वर्षातून एकदा काढा.

त्यापेक्षा छतावर पॅनेल लावा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, वरच्या क्षमतेला तेवढीच. एक किलोवॅट सरासरी दिवसाला चार युनिट देतो. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारं) असलं की एका महिन्यातलं जास्तीचं पुढच्या महिन्यात वळतं होतं.

एसी_ग्रस्त | १७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळे एसीचं गुणगान गातायत तर माझं रडगाणं ऐका. मी थाटीपूरला दोन वर्षांपूर्वी हॉट अँड कोल्ड बसवला. पहिली गोष्ट, गरम हवा वर जाते. एसी सात फुटांवर, डोक्याला चैत्र आणि पायाला पौष. मग कळलं की झडप पूर्ण खाली करायची आणि पंखा एकवर ठेवायचा, तेव्हा जरा हवा खाली येते. खाली जाड सतरंजी टाकली तेव्हा पाय वाचले.

दुसरी, कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या डब्यावर बर्फ धरतं, मग तो मधेच पाच-सात मिनिटं गरम हवा बंद करून स्वतःचं बर्फ वितळवतो. मी बिघडला म्हणून तीनदा माणूस बोलावला, तिन्ही वेळा त्याने पैसे घेतले, एकदाही सांगितलं नाही की हे असंच असतं.

आणि तिसरी, जी तुम्हाला कोणी सांगणार नाही. उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून निघतं, त्याची नळी असते. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या डब्यातून गळतं! माझा डबा होता शेजाऱ्यांच्या गच्चीच्या कडेवर. त्यांनी संक्रांतीच्या आधी सगळ्या रजया धुपेत घातल्या होत्या. रात्री उचलायच्या राहिल्या. सकाळी पिंजून भरलेली चार किलोची नवी रजई ठिबकून ठिबकून भिजलेली. तिळगूळ दिला त्यांनी, पण गोड काही बोलले नाहीत.

सदाशिवकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४४

"धुपेत घातल्या" म्हणजे आम्ही समजलो ऊद-लोबान.

गजक_प्रेमी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५१

धूप म्हणजे ऊन हो. आम्ही हिवाळ्यात धूप खातो. तुम्ही ऊन खाता ना, मग?

आजीचा_नातू | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

एक साधं सांगतो. दाराखालची फट. आमच्या आजोबांनी जुन्या धोतराची वाळू भरलेली लांब सुरळी करून दारापाशी ठेवलेली असायची, आम्ही तिला अजगर म्हणायचो. नवीन घरात दाराला खाली रबर पट्टी लावून घ्या. पडदे जाड आणि जमिनीपर्यंत. आणि फरशीवर गालिचा. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि तुम्ही प्लास्टिकची चटई टाकता.

रात्रपाळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

गालिचा दम्याच्या खोलीत नको, धूळ धरतो. धुता येणारी सतरंजी.

आजीचा_नातू | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

बरं, सतरंजी. अजगर चालेल ना डॉक्टर?

रात्रपाळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:२१

खोळ धुतलीत तर.

राइनकाठी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

फक्त रबर पट्टी, गॅस्केट सगळं लावून खोली डबाबंद करू नका, विशेषतः दमा असताना. दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा बदला आणि बंद करा. भिंती गरमच राहतात. इथे हे लोक धर्म असल्यासारखं करतात, भाडेकरारात लिहिलेलं असतं.

लष्करचा_बाळ्या | १९ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, दोन महिने गायब होतो. मिस्त्री, टाइल्स, मार्बल, भांडणं. फरशी लांबली ती लांबलीच. पण धागा अर्धवट सोडू नये म्हणून सांगतो काय झालं ते.

मांडणीताईंचं वाचून मी दोन साधे थर्मामीटर आणले, एक उत्तरेच्या खोलीत, एक दक्षिणेच्या हॉलमध्ये सुतळीने खिळ्याला टांगला. खिडक्या बसल्या होत्या, बाकी घर रिकामं. ११ जानेवारीला सकाळी सहाला बाहेर ५, उत्तरेच्या खोलीत ११, दक्षिणेला साडेचौदा. त्याच दिवशी दुपारी तीनला उत्तरेला १५, दक्षिणेला २१. कसलाही हीटर नाही, एक पैसा खर्च नाही. मी बाबांना फोटो काढून दाखवले तर ते म्हणाले थर्मामीटर खराब असेल, अदलाबदल कर. केली. आकडे तेच.

तरी बाबा तयार नव्हते. रस्त्याकडच्या खोलीत झोपायचं, येणारा-जाणारा बघेल, पाहुणे मागून आणायचे का. मग रविवारी दोघांना घर दाखवायला घेऊन गेलो. अकरा वाजले होते, धुकं नुकतंच उठलेलं. हॉलच्या खिडकीतून प्लास्टरच्या फरशीवर उन्हाचा एक लांब चौकोन पडला होता. आईने इकडेतिकडे बघितलं, मिस्त्रीचं घमेलं पालथं घातलं, त्यावर तिची शाल टाकली आणि त्या चौकोनात बसली. पाय पुढे सोडले. बाबांना म्हणाली तुम्ही बघून या वरचं, मी इथे आहे. आम्ही वरून आलो तर तिने घमेलं वीतभर सरकवलेलं होतं. राइनकाठी, तुमची आजी आठवली.

बाबा काही बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, पडदा मात्र जाड पाहिजे.

तर हॉल मागे गेला. आईबाबांच्या खोलीत एक टनाचा हॉट अँड कोल्ड, पाहुण्यांनी उत्तरेला कुडकुडावं. बाथरूममध्ये दाराच्या वर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर भिंतीचा हीटर, त्याला वेगळा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). वरच्या दोन खोल्यांत एसीचे पाइप आणि वायर भिंतीत घालून ठेवल्या, मशीन नंतर. स्लॅबवर एक्सपीएस घातलं. ठेकेदार म्हणत होता कोणी घालत नाही, थर्माकोलवर घर बांधताय का, पण घातलं. तेलाचा एक हीटर मेव्हण्याने वास्तुशांतीला द्यायचं कबूल केलंय, तो ओट्यापाशी फिरेल. फरशीखाली काही नाही. साडेसहा लाखवाल्याचा अजून फोन येतो.

स्वयंपाकघरातून | १९ जानेवारी, रात्री ९:५५

ओट्यापाशी हीटर! वहिनींना माझा नमस्कार सांगा.

व्होल्टमीटर | १९ जानेवारी, रात्री १०:०१

लोड वाढवून घेतलात ना? गीझर दोन, एसी, ओट्यापाशी दोन हजार वॅट. सकाळी सातला सगळं एकदम चालू होणार.

लष्करचा_बाळ्या | १९ जानेवारी, रात्री १०:०८

अर्ज दिलाय काका. तीन खेपा झाल्या.

एसी_ग्रस्त | १९ जानेवारी, रात्री १०:१२

आणि बाहेरच्या डब्याचं पाणी कुठे सोडलंत?

लष्करचा_बाळ्या | १९ जानेवारी, रात्री १०:१५

नळी लावून लिंबाच्या आळ्यात. शेजारच्यांची भिंत सोडून. त्यांच्या रजया मी आधी बघून आलो.